जुनी काच

"काका, खरं सांग, या काचेचा काही उपयोग असतो का? की लोकांना नुसता गंडवतोस?"

पुतणीने गुलाबी कव्हरातला फोन काउंटरवर ठेवला. स्क्रीनवर चिकटवलेली वरची काच एका कोपऱ्यापासून मधोमध तडकली होती.

"पडला कसा?" मोबाईलवाल्याने विचारलं.

"आपोआप."

त्याला हसू आलं. या दुकानात आलेला एकही फोन आजवर कुणाच्या हातून पडला नव्हता. कुणाचा बसल्याबसल्या खिशात फुटलेला, तर कुणाचा स्वतःच्या पायांनी टेबलावरून उतरलेला. अशा गिऱ्हाइकांशी बोलून बोलून त्याला संशयाची सवयच जडली होती. घरच्या माणसाचं बोलणंही तो आधी दिव्याखाली धरून बघायचा.

"वरची फुटली म्हणून खालची वाचली. हाच उपयोग," कव्हर काढत तो म्हणाला.

"माझी मैत्रीण म्हणते, खालची तशीही फुटली नसती."

"मग तिला म्हणावं, काचेशिवाय एकदा पाडून बघ. मी इथेच बसलोय."

पुतणी खुदकन हसली. त्याने कोपऱ्यात प्लास्टिकची पट्टी सरकवली आणि जुनी काच अलगद उचलली. मग त्याचा हात थांबला. काचेच्या वरच्या कोपऱ्यात एक बुडबुडा होता आणि बुडबुड्यात एक केस. पांढरा, टोकाशी वळलेला.

हा केस त्याच्या ओळखीचा होता. आईच्या फोनला काच बसवली तेव्हा ती त्याच्या हातावर इतकी वाकून बघत होती की केस गळून आत अडकला. तो काढायला गेला तर म्हणाली, "राहू दे रे. माझाच आहे, परक्याचा नाही."

पण तो फोन तर कधीच गेला होता. बादलीत पडला, पार कामातून गेला, असं दादानेच सांगितलं होतं. नवा आणू नकोस, आईला हल्ली फोनवर ऐकूही येत नाही, असंही. त्यानंतर मोबाईलवाला दोनदा दादाच्या घरी जाऊन आला. दोन्ही वेळा आई झोपलेली होती.

आपलं डोकंच संशयी, त्याने स्वतःला दटावलं. पांढरे केस काय एकट्या आईलाच असतात?

"फोन कुठून आणला गं?"

"बाबांनी दिला, वाढदिवसाला, या कव्हरात घालूनच. त्यांच्या ऑफिसात कुणाचा तरी जुना होता. चांगला आहे ना?"

"चांगला आहे." तो स्क्रीन पुसू लागला. "आजीला आता अगदीच ऐकू येत नाही का?"

"आजीला?" पुतणीने डोळे मोठे केले. "स्वयंपाकघरात मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण किती हळू उघडते, तरी आतल्या खोलीतून हाक येते, 'जेवायच्या आधी नाही!' तिला नको तेवढं ऐकू येतं."

स्क्रीन केव्हाच स्वच्छ झाली होती. तो पुसतच राहिला.

"मग तुमच्या कुणाच्या फोनवरून मला फोन का लावत नाही?"

"रुसलीय ती तुझ्यावर."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"तूही ना, काका! तिचा फोन बाबांनी तुझ्याकडेच दिलाय ना दुरुस्तीला? रोज विचारते, झाला का म्हणून. परवा तर म्हणाली, सगळ्या जगाचे फोन तासाभरात करून देतो, आईच्याच फोनला याला सवड नाही."

दादाचा राग नंतर आला. आधी स्वतःचीच लाज वाटली. तिकडे ती वाट बघत बसली होती आणि सगळ्या जगावर संशय घेणारा हा शहाणा, आई झोपलीय एवढं ऐकून दारातूनच मागे फिरला होता. आणि फोनवर आई आपल्याला असं काय सांगेल, ज्याची दादाला धास्ती वाटावी?

त्याने जुनी काच दिव्याखाली धरली. "हे बघ."

पुतणीने निरखून पाहिलं. "केस आहे. पांढरा."

"ही काच मीच बसवली होती. आजीच्या कॉटवर बसून."

"पण बाबा तर म्हणाले, ऑफिसात..." ती बोलताबोलता थांबली. काचेकडे बघितलं, फोनकडे बघितलं. मग काउंटरवरचं गुलाबी कव्हर उचलून तिने दप्तरात टाकलं. फोनला हात लावला नाही.

"माझा वाढदिवस तसाही होऊन गेला," ती खालच्या आवाजात म्हणाली.

त्याने नवी काच घेतली, आधी कडा जुळवल्या आणि मग ती हलक्या हाताने सोडली. तेवढ्यात पुतणीने जुनी काच उचलली.

"ही टाकून देऊ?"

"नको." त्याने ती काढून घेतली, कागदात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "तिचा अजून उपयोग आहे. आजीला जाऊन सांग, फोन झाला. संध्याकाळी काका स्वतः घेऊन येतोय."

पुतणी दोन पायऱ्या उतरली आणि पुन्हा वर आली.

"आणि तू आलास की बाबा म्हणाले, आजी झोपलीय, तर?"

तो अंगठ्याने नव्या काचेखालची हवा कडेकडे सारत होता. त्याने मान वर केली नाही.

"तर तू बिस्किटांचा डबा उघड."