व्हायोलिनवाल्या काकांचे नवे कान

“आधी ही यादी साफ करू,” म्हणत कानवाल्या बाईंनी मुलाचा मोबाइल आपल्याकडे ओढला. श्रवणयंत्रं बसवणाऱ्या बाईंना सगळे ‘कानवाल्या बाई’च म्हणत, आणि त्यांचं त्याला काही म्हणणं नव्हतं.

ब्लूटूथच्या यादीत नुसती खोगीरभरती होती. गाडी, हेडफोन, बायकोचं घड्याळ, कधीकाळी कुणाच्या तरी घरी जोडलेला टीव्ही. ही गर्दी हटवली नाही तर कानात जायचा आवाज खाली उभ्या गाडीत जाऊन बसतो, हे त्यांनी बारा वर्षांत पुष्कळदा पाहिलं होतं. एकेक नाव विचारत त्या पुसत गेल्या. ‘दुकान स्पीकर’ मात्र मुलाने स्वतःच चटकन पुसून टाकलं. मुलगा म्हणजे चांगला चाळिशीतला, नीटनेटका, मोजकं बोलणारा माणूस.

समोरच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. काकांनी चाळीस वर्षं एकाच दुकानात व्हायोलिनं दुरुस्त केली. दोन वर्षांपूर्वी कानांनी दगा दिला, आधी वरचे सूर गेले, मग माणसांचं बोलणं, आणि दुकानाला कुलूप लागलं. यंत्रं बसली की पहिल्या तारखेला ते पुन्हा उघडायचं, हे त्यांनी आल्या आल्या बाईंना सांगितलं, तपासणीच्या मध्येच पुन्हा सांगितलं, आणि बाहेर नावं लिहून घेणाऱ्या पोरीलाही सांगून झालं होतं. तेही असं खणखणीत की खालच्या मजल्यावरही कळलं असेल. बाईंना हा म्हातारा फार आवडला. त्याचं दुकान उघडायलाच हवं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

मुलगाही आवडला होता. लोक बॅटरी किती दिवस टिकते एवढंच विचारतात. याने मागच्या खेपेला खोदून खोदून विचारलं होतं. मोबाइलचा माइक किती लांबून चालतो? मध्ये भिंत आली तर? शब्द न् शब्द कळतो का? बापाची एवढी काळजी हल्ली कोण करतं, असं बाईंनी घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं होतं.

चाचणीची त्यांची एक रीत होती. मोबाइलचा माइक यंत्राला जोडायचा, म्हणजे मोबाइलपाशी बोललेलं थेट कानात. मग मोबाइल घेऊन घरच्या माणसाला वऱ्हांड्यात पाठवायचं, दार लावायचं, आणि तिकडून काहीही बोलायला सांगायचं. कुणी पाढे म्हणतं, कुणी वाण्याची यादी. बाई स्वतः हेडफोन लावून तेच ऐकत बसत.

मुलगा बाहेर गेला. आधी पावलं आली, मग खाकरणं, मग आवाज. बाबा, ऐकू येतंय का? काकांचा चेहरा असा फुलला की बाईंचा दिवस सार्थकी लागला.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, “हां, बोल ताई.”

फोन आला वाटतं, बाईंच्या मनात आलं. माइक चालूच आहे हे तो विसरला असणार.

“नाही गं, अजून सांगितलं नाही. दुकान विकलं हे कुठल्या तोंडाने सांगू? मला वाटलं, बाबांचे कान काही परत यायचे नाहीत. मी कागद पुढे केला, त्यांनी न वाचता सही केली. एवढा विश्वास माझ्यावर.”

संगणकावर जोडणी तोडायचं बटण होतं. बाईंनी हात पुढे केला, पण काकांनी मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत चांगलाच जोर होता.

“हत्यारं घरी आणून ठेवलीत. एकही टाकलं नाही. रोज ठरवतो, आज सांगायचं. आणि ते पहिल्या तारखेचं काढतात. माझं चुकलं गं. फार चुकलं.”

मग काहीच आलं नाही. काकांनी मनगट सोडलं आणि चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

“त्याला काही विचारू नका,” ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू आवाजात. “मला ऐकू आलं नाही, एवढंच सांगा.”

मुलगा आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. शेवटपर्यंत ऐकू आलं का, असं त्याने वडिलांकडे बघून विचारलं. सुरुवातीचं आलं, पुढे नुसती खरखर, असं काका म्हणाले. बाईंनीही बारा वर्षांत पहिल्यांदा आपल्या यंत्राला नावं ठेवली.

काका मुलाकडे वळले.

“पहिल्या तारखेचं राहू दे रे. या वयात जिने चढा-उतरायचा कंटाळा येतो. घरीच खिडकीपाशी एक टेबल मांडून दे. तेवढं पुरे मला.”

मुलगा मान हलवून, गाडी दारापाशी आणतो म्हणत घाईने खाली गेला.

बाईंना राहवेना. त्यांनी काकांसमोर हात जोडले. माइक चालू ठेवून त्याला बाहेर पाठवणारी मीच, सगळा दोष माझा, असं त्या म्हणाल्या. त्याच्यावर राग धरू नका. तो बिचारा ताईजवळ मन मोकळं करत होता, तुमच्या कानावर जाईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

काका काठी सावरत उठले. दारापाशी क्षणभर थांबले.

“अहो बाई, तो माझा एकुलता एक. त्याला ताई कुठली?”