तांबडा खडक

“खडक भक्कम आहे,” बोगद्याच्या तोंडाशी ठेवलेलं यंत्र म्हणालं, “कारण नमुना उन्हात वाळवलाय. ओला असता तर त्याचा चिखल झाला असता.”

खडक प्रयोगशाळेत तपासणं केव्हाच बंद झालं होतं. यंत्र म्हणेल ती पूर्व दिशा. पण ते कारणंही सांगायचं, हीच पंचाईत.

“कारणं बंद करा. मजबुतीचा आकडा पुरे,” मुख्य अभियंता दाभाडकर गुरकावले.

भूवैज्ञानिक वैजयंती खोतने कळ दाबली. पाहणीला येणाऱ्या पाहुण्यांच्या फोटोत नमुने स्वच्छ दिसावेत म्हणून मऊ तांबडा खडक पापडासारखा वाळत घालणाऱ्या माणसाशी वाद घालायला ती रिकामी नव्हती. मजुरांना मात्र तिने आधीच बाहेर काढलं होतं.

“हे सगळे बाहेर का?”

“तुमचीच वाट बघताहेत, साहेब. तुम्ही पुढे व्हा, मागोमाग ते येतील.”

दाभाडकर ऐटीत दोन पावलं आत गेले. छतातून एक तांबडा थेंब त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर पडला. ते जागीच थबकले.

“छत टिकेल ना?”

“टिकेल,” यंत्र म्हणालं.

“कशावरून?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

यंत्राने नुसता आकडा सांगितला.