खरं सांगणारं दुकान

‘समुद्रावर फिरायला चाललाय ना? मग खिशातला फोन पुरे. हा कॅमेरा न्याल, दोन दिवस गळ्यात मिरवाल आणि मग कपाटात टाकाल. उगाच खर्च कशाला?’

असं म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानदाराने त्या नव्या जोडप्याला जवळजवळ हाकललंच. दोघं हसत बाहेर पडली. आलेलं गिऱ्हाईक आपल्या तोंडाने घालवणारा असा दुकानदार शोधून सापडायचा नाही. या जिभेपायी एक दिवस दुकानाला कुलूप लागणार, असं त्याची बायको उठता-बसता म्हणायची. पण कुलूप काही लागत नव्हतं. फसायचं नसेल तर त्याच्याकडे जा, असं लोकच एकमेकांना सांगायचे.

तेवढ्यात त्याचा जुना दोस्त दारात आला. लग्नाचे फोटो काढण्यात त्याचा जन्म गेला होता. सुनेने त्याचा दंड धरला होता.

‘या, फोटोग्राफर! सुनेच्या हाताला धरून फिरायला लागलास की काय, लेका?’

‘पायरी उंच केलीस तू,’ फोटोग्राफर म्हणाला.

पायरी होती तेवढीच होती.

सून खुर्चीवर टेकली. ‘काका, बाबांना एक चांगला कॅमेरा द्या. जुना पार गेलाय. मागच्या लग्नाचे फोटो सगळे धूसर आले. लोकांनी काय काय ऐकवलं म्हणून सांगू!’

‘कॅमेरा गेलाय, यावर घरात सगळ्यांचं एकमत आहे,’ फोटोग्राफर म्हणाला. ‘तुझं काय मत ते विचारायला आलो. आपल्या कंपाउंडर दोस्ताच्या पोरीचं लग्न आहे रविवारी. तो वारायच्या आधी त्याला शब्द दिलाय मी, तिचे फोटो मीच काढणार म्हणून. बिघडले तर लग्न काही परत लावता येत नाही.’

‘आण इकडे जुना.’

दुकानदाराने जुना कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. लेन्सवर फुंकर मारली. समोरच्या फळीवरच्या खोक्याचा एक फोटो काढला आणि मोठा करून बघितला. खोक्यावरचं बारीकातलं बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ आलं होतं. त्याने पुन्हा एक काढला. तोही तसाच.

‘अरे, याला काय धाड भर...’ म्हणत त्याने मान वर केली आणि तिथेच थांबला.

फोटोग्राफर त्याच्याकडे बघत होता, पण नीट त्याच्याकडे नाही. त्याच्या कानाच्या पलीकडे, भिंतीकडे. मान जराशी तिरपी करून, कडेने.

याच माणसाने दुकानदाराच्या लग्नाचे फोटो काढले होते. भर मांडवात, एवढ्या गर्दीत, रडू आवरणारी त्याची आई या माणसाने बरोब्बर टिपली होती. आता त्याला काय सांगायचं? नेहमीचं फटकळ वाक्य ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

‘तसा जुना झालाय म्हणा,’ तो म्हणाला. ‘थांब, नवा दाखवतो.’

त्याने कपाटातून एक कॅमेरा काढून दोस्ताच्या हातात दिला आणि भराभर बोलत सुटला. वजनाला हलका आहे. अंधारात चांगला चालतो. चेहरा आपोआप ओळखतो. एवढी तारीफ त्याने आजवर कुठल्या कॅमेऱ्याची केली नव्हती. सून खुशीत ऐकत होती.

फोटोग्राफरची बोटं मात्र कॅमेऱ्यावरून फिरत होती. अंगठ्याने लेन्सच्या बाजूचं ऑटोफोकसचं बारीक बटण चाचपून त्याने ते बंद केलं; आता फोकस झाला नाही तरी फोटो निघणार होता.

‘बघू एक काढून. सरळ उभा राहा. पोट आत घे.’

दुकानदार उभा राहिला. कॅमेरा डोळ्याला लागला आणि खट्ट आवाज झाला. फोटोग्राफरने तो वळवून पडदा त्याच्यासमोर धरला.

‘कसा आलाय?’

पडदा काळाकुट्ट होता. लेन्सवरचं टोपणच काढलेलं नव्हतं.

दुकानदाराने एकदा सुनेकडे पाहिलं. ती लांब बसली होती, तिला पडदा दिसत नव्हता. मग त्याने दोस्ताकडे पाहिलं.

‘झकास,’ तो म्हणाला. ‘एकदम झकास आलाय.’

फोटोग्राफरने हळूच लेन्सवरचं टोपण काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

‘मी ते मुद्दामच ठेवलं होतं रे,’ तो सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला. ‘आंधळा झालास का, आधी टोपण काढ, असं खेकसला असतास ना, तर तू अजून खरंच सांगतोस असं धरून निर्धास्तपणे नवा घेतला असता. घरचे तर खोटं बोलणारच. पण तूसुद्धा?’

दुकानदार काउंटरची काच पुसायला लागला.

‘ठरला का, काका?’ सून उठत म्हणाली.

फोटोग्राफरने काउंटर चाचपत आपला जुना कॅमेरा शोधला. त्याचा पट्टा नीट गुंडाळला आणि तो दुकानदारापुढे सरकवला.

‘कंपाउंडरच्या पोरीसाठी कुणीतरी चांगला माणूस बघ,’ तो म्हणाला. ‘आणि हा त्याला दे. याला काहीसुद्धा झालेलं नाही.’