फाटकावरचं सोनं

दसऱ्याच्या संध्याकाळी कोसमटोल्यातल्या सोन्याच्या कंपनीच्या फाटकावर पानं तोडून परतणाऱ्या बायका पदर झटकून दाखवत होत्या. टेकडीभर लावलेल्या आपट्याचं एक पान जरी अंगावर सापडलं, तरी फाटकावरचं यंत्र बोंब ठोकायचं.

तिथे उभ्या असलेल्या कंपनीच्या शास्त्रज्ञ मैथिली बोरकरला मान वर करवेना. पानांतलं हे सोनं तिनेच शोधलं होतं. इंग्रजांनी इथे खड्डे खणले, पुढे सरकारने बोअर मारले. गारगोटीत सोनं आहे पण धुळीएवढं, खणणं परवडायचं नाही, म्हणून दोघंही निघून गेले. मग मैथिलीने आपट्याची अशी जात तयार केली, की मुळं ती धूळ शोषून पानांत साठवायची. पानं जाळली की राखेत सोनं! गावातले जुने आपटे कंपनीने मिसळ नको म्हणून तोडून टाकले. तेव्हापासून गावात दसऱ्याला कुणी कुणाला पान दिलं नव्हतं.

एवढ्यात बाहेरून म्हातारे झिंगरू नेवारे आले. मैथिली सरकारी बोअरवर काम करायची आणि नुसता दगड निघायचा, त्या वर्षांतही दर दसऱ्याला ते तिच्या तंबूवर पान घेऊन यायचे. आज त्यांनी मूठ उघडली, तर आत आपटा! पहारेकरी धावलाच.

"अरे, आधी मशीन तर लाव!" झिंगरू म्हणाले.

यंत्र गप्पच राहिलं. मैथिली त्यांच्या पायाशी वाकली.

"काका, हे आणलंत कुठून?"

"लेकीच्या गावाहून. तिथल्या जमिनीत काहीच नाही, बाई," झिंगरू हसले. "म्हणून तर हे सोनं देता येतं."