ब्रेक कुणी लावला?

शेवटच्या वळणावर आठ वर्षांच्या शाल्मलीची शर्यतीची छोटी गाडी, गो-कार्ट, आजही मंदावली आणि प्रशिक्षक सरांचा मुलगा पुढे निघून गेला. कुंपणाशी उभ्या आईच्या मनात पाल चुकचुकली. रविवारच्या शर्यतीसाठी सर या दोघांतून एकालाच निवडणार होते. त्यांनीच हिचा ब्रेक आवळून ठेवला नसेल ना?

"सर, हिची गाडी बदलून द्या."

"ताई, आज तिला माझ्या मुलाचीच गाडी दिलीय. तो तिची चालवतोय."

आईने लेकीला बाजूला घेतलं. "मागे राहा म्हणून सरांनी सांगितलंय का गं?"

"सर कशाला सांगतील? हेल्मेट घालताना रोज तूच म्हणतेस की, सावकाश जा!"

शेवटच्या फेरीआधी हेल्मेटचा पट्टा लावताना तोच शब्द आईच्या ओठांवर आला. तो गिळून ती कशीबशी म्हणाली, "सुसाट जा."