फुडचं उद्या

साठीला आल्यावर माझे वडील, आबा, प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकले. बारामतीच्या वाचनालयातून मुलांची कादंबरी घेऊन आले. “आबा, हे लहान मुलांचं आहे,” मी हसले होते. “मंग मी कवा ल्हान हुतो?” आबांचं तेरावं उरकून मी ती परत करायला निघाले. कालव्याच्या चारीवर पाण्याच्या पाळीसाठी बसलेल्या सोपानतात्यांनी अडवलं. “तुझा आबा रोज हितं दोनच पानं वाचायचा. फुडचं उद्या, म्हनायचा. त्यातला पोरगा घरला पोचला का, पोरी?” मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर वाचत आले. असली पुस्तकं वगळूनच. पुस्तक उघडलं. त्रेचाळिसाव्या पानात आबांनी खुणेला गोणीची सुतळी घातली होती. तिथून मोठ्यानं वाचलं. शेवटी मुलगा घरी पोचला. बाप दारातच उभा होता. “संपली?” “संपली.” पुस्तक मिटलं. पुन्हा उघडून सुतळी त्रेचाळिसाव्या पानात ठेवली.