लाईट गेल्यावरची वीरांगना
पिंपळवंडीच्या शाळेच्या संमेलनात जुन्या कॉमिकमधल्या वीरांगनेचं नाटक बसवलं होतं. वीरांगना झालेल्या यशोधराला सरांनी बजावलं, "मारामारी मुलींना शोभत नाही. तू फक्त हात उगार. टेपवर वीज कडाडली की राक्षस पडेल." राक्षस होता किराणावाल्याचा धिप्पाड मुलगा अरिहंत. भर दुपारी प्रयोग रंगात आला, यशोधरानं हात उगारला आणि नेमकी लाईट गेली. टेप बंद पडला. "पड की," ती पुटपुटली. "वीज कडाडली न्हाई, मी कसा पडू?" अरिहंतनं विचारलं. मांडवातले पिंपळवंडीकर हसायला लागले. यशोधरानं पाठीवरची ओढणी फेकली, वडिलांनी शिकवलेला धोबीपछाड मारला आणि अरिहंतला उताणा पाडून छातीवर बसली. "सोड, मेलो मी," तो कळवळला. "अजून न्हाई. शरण यायचं वाक्य राहिलंय तुझं." अरिहंतनं हुंदके देत ते म्हटलं. उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस त्या वर्षी त्यालाच मिळालं.